सिकलसेलच्या घरात दाता कोण?

विदर्भातून पोटासाठी पिंपरीत आलेल्या आपल्या काही कुटुंबांत सिकलसेल आहे. अस्थिमज्जा बदलून तो बरा होऊ शकतो. देशात असे रोपण प्रथम मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली, कर्करोगासाठी झाले. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पण जुळलेल्याच्याही रक्तात सिकल निघाला की घरचेच मागे सरतात. आम्ही म्हणतो, थांबा! आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला असेल तर तो नुसता वाहक. तो दाता होऊ शकतो. मूळपेशी रक्तात उतरवणारे जी-सीएसएफ इंजेक्शनही त्याला सहसा सोसते. रोग्याला मात्र त्याने जीवघेणा झटका येऊ शकतो. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत दोघे सारखेच दिसतात. फरक कळतो इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये. डॉक्टरांकडे तीच मागा.