उन्हाळीची ओळख: पावणेतीनशे वर्षांचा मागोवा

इंदूरच्या भोवतालच्या मुरमाड माळांवर पावसाळ्यात गवतातून जांभळट फुलं डोकावतात. मराठीत ही उन्हाळी, माळव्यातल्या जडीबुटीवाल्यांची सरफोंका आणि वैद्यांची शरपुंखा. सरफोंका हे शरपुंखाचंच झिजलेलं रूप. शर म्हणजे बाण, पुंख म्हणजे बाणाच्या शेपटाला लावलेलं पीस. पर्णिका टोकाशी धरून ओढली की ती आडवी फाटत नाही, तिरप्या समांतर शिरांवरून तुटते आणि बाणाच्या पिसाऱ्यासारखी खाच उरते. नाव ठेवणाऱ्यांनी फुलाच्या रंगाकडे पाहिलंच नाही, आणि त्यांची कसोटी आजही खरी उतरते. मात्र ती या कुळीच्या बहुतेक भावंडांना लागू पडते. ती प्रजाती (जीनस) सांगते, जाती (स्पीशीज) सांगत नाही. उपजातीची तर गोष्टच सोडा.

युरोपीय वनस्पतिशास्त्राने सुरुवात नेमकी रंगापासून केली. 1753 मध्ये लिनियसने तिला 'क्रॅका पर्प्युरिया' म्हटलं. 1807 मध्ये पर्सूनने ती 'टेफ्रोसिया'त नेली. हे नाव राखाडीपणावरून आलेलं, म्हणजे पुन्हा रंगच, पण पानांचा. त्याच पर्सूनने बुटकी 'प्युमिला' स्वतंत्र जाती मानली. 1876 मध्ये हूकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिग्रंथात बेकरने तिला पर्प्युरियाचा निव्वळ प्रकार ठरवलं, आणि 'मॅक्सिमा' या आणखी एका रूपालाही त्याच ओळीत बसवलं. 1968 मध्ये ब्रमिटने आफ्रिकेतली 'लेप्टोस्टाकिया' उपजाती केली. डेलीलने इजिप्तमधून वर्णिलेली 'अपोलिनिया' पुढे उपजाती म्हणून हिच्याच छत्राखाली आली, तरी तिला स्वतंत्र मानणारेही आहेत. या सगळ्या उलथापालथीत भांडण झालं ते लव अंगाला चिकटलेली की ताठ, शेंग केवढी, तिच्यात दाणे किती, यावर. पाकळीच्या जांभळेपणाने एकही वाद मिटला नाही.

म्हणून फुलाच्या एका फोटोवरून उपजाती सांगणं मला पटत नाही. उपजाती हा एका रोपाला चिकटवायचा बिल्ला नव्हे. अमुक प्रदेशातली झाडं अमुक गुणांनी सातत्याने वेगळी आहेत, असं ते विधान असतं. त्यासाठी खूप रोपं लागतात, आणि तीही शेंगांसकट. कुणी म्हणेल, बाजारात पांढरी शरपुंखा वेगळी विकली जाते, मग औषधासाठी एवढी काटेकोर ओळख नको का? हवीच. पण तिथे घोळ बहुधा उपजातींचा नसतो. दाट पांढऱ्या लवेची 'टेफ्रोसिया व्हिलोसा' ही वेगळी जातीच आहे, आणि शरपुंखेचं पांढऱ्या फुलांचं रोप तिच्यापासून वेगळं काढायला तिची केसाळ शेंग पाहिली तरी पुरतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता जनुकं वाचता येतात, मग शेंगांची मोजदाद कशाला? पण ज्या रोपाचा नमुना दाबून, वाळवून जपून ठेवलेला नाही, त्याच्या जनुकांवर बेकरची 'प्युमिला' की पर्सूनची, हे नाव लावणार कशाच्या आधारे?

उरतो बुटकेपणा. उथळ मुरूम, चराई आणि विळा यांनीही झाड बुटकं होतं. राखीव माळ आहेत, पण दुसऱ्यासाठी: माळव्यातल्या सरदारपूर आणि सैलाना इथली गवताळ रानं 1983 मध्ये खरमोर पक्ष्यासाठी अभयारण्यं झाली. उन्हाळीसाठी कुणी एक बांधही राखलेला नाही. खुरटं रोप जन्मजात खुरटं आहे की परिस्थितीने, हे त्याचं बी चांगल्या मातीत लावून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि बी मिळायला शेंग पिकावी लागते. शेंगा वाळू लागतात त्याच सुमारास माळावरचं गवत कापलं जातं, त्यात उन्हाळीही जाते. मागे राहतो तो खुंट, आणि पुढच्या पावसात त्याला आखूड, पसरट फांद्या फुटतात.