एसटीने लोणारला, मुलाबाळांसह

हातावर पोट असणाऱ्याने सहल काढावी कशी, असे कोणी विचारले की आम्ही लोणारचे नाव घेतो. परभणीहून पहाटेची एसटी धरावी. जिंतूर, मंठा अशी गाडी बदलत जावे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या आजीला तर तिकीटच नाही. (तिचे आधारकार्ड मात्र विसरू नये!)

काठावर उभे राहिले की दंगेखोर पोरेही गप्प होतात. उल्का आदळून काळ्या कातळात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळ्याचे पाणी खारट. जून २०२० मध्ये तेच पाणी सूक्ष्म जीवांमुळे गुलाबी झाले होते. हे ऐकून आमच्या धाकटीने प्रश्नांचा भडिमार केला. निम्म्यांची उत्तरे आम्हाला आली नाहीत. खाली उतरणे सोपे, चढताना दम लागतो. भाकरी, ठेचा आणि पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

पहिल्या खेपेला मुलांच्या हट्टापायी आम्ही रेंगाळलो. परतीची गाडी गेली. रात्र बसस्थानकावर काढली, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. आता लोणारला उतरलो की आधी परतीची वेळ विचारतो, मग तळ्याकडे निघतो.