आधी हात, मग पिस्तूल

‘मुलगी नेमबाजी शिकायची म्हणतेय, पिस्तूल कुठलं घेऊ?’ कोल्हापुरात या प्रश्नाचं आता कुणाला नवल वाटत नाही. इथले नेमबाज तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे रायफलचे. पिस्तूल म्हटलं की डोळ्यांसमोर येते राही सरनोबत, 2018 च्या आशियाई स्पर्धेत दोन शूट-ऑफ खेळून 25 मीटरचं सुवर्ण आणणारी. पालकांना मोरिनी, स्टायर, वॉल्थर या पिस्तूल कंपन्यांची नावं तोंडपाठ असतात. मी त्यांना मुलीचा हात पाहायला सांगतो.

सुरुवात 10 मीटर एअर पिस्तुलानेच करावी. 4.5 मिलिमीटरचा छर्रा, एकच हात, कसलाही टेकू नाही. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटरचं. नेम धरायची नळीवरची पुढची माशी मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा सुमारे तीन सेंटिमीटर भरकटतो. म्हणून सगळं पिस्तुलाच्या मुठीवर, म्हणजे ग्रिपवर येतं.

अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला वरपर्यंत घट्ट बसली पाहिजे. पकड मधल्या बोटांची. तर्जनी लाकडाला न टेकता मोकळी, तिच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर. मूठ मोठी असली की बोटाचं नुसतं टोक पोहोचतं आणि चाप सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जातो.

दुकानात जाण्याआधी प्रशिक्षकासमोर एक परीक्षा घ्या. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, तोंड लक्ष्याकडेच ठेवून, मुलीने डोळे मिटून हात उचलावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला, तर मूठ तिची. दर वेळी माशी एकाच बाजूला दिसत असेल, तर ती मूठ तिच्या हाताची नाही. मनगट वळवून माशी मध्ये आणायची सवय लागली, की पुढे ती सोडवताना फार त्रास होतो.

वजनाचंही तसंच. नियमाने 1500 ग्रॅमपर्यंत चालतं, पण स्पर्धेत 75 मिनिटांत 60 नेम धरायचे असतात. बारा वर्षांच्या खांद्याला हलकं पिस्तूलच द्यावं. राहीच्या प्रकारातलं .22 पुढची पायरी. त्याला शस्त्र परवाना लागतो आणि चापाचा दाब किमान 1000 ग्रॅम. एअर पिस्तुलाला तो 500.

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तशी मूठही एक माप मोठी घेणारी घरं असतात. कृपा करून तसं करू नका. काही महिने क्लबच्या पिस्तुलावर जाऊ द्या. स्पर्धेच्या चांगल्या पिस्तुलांची ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या मापात वेगळी मिळते, डावखुऱ्यांसाठीही. तळहाताखालची पट्टी वर-खाली सरकते. कुठे पोकळी राहिली तर लाकडाची पुट्टी भरतात, टोचलं तर कानस मारतात. हात वाढला की स्क्रू काढायचा आणि फक्त ग्रिप बदलायची.