जिल्ह्याचे चित्र आणि मुलांचे हात

तिसरीच्या मुलांना आपला जिल्हा शिकवला की शाळेतून निरोप येतो, ‘जिल्ह्याचे चित्र करून आणा.’ मग आपण थर्माकोल आणि चमकी आणायला दुकानात धावतो. त्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्याचेच घ्या.

पश्चिमेला सह्याद्री. जुने वर्तमानपत्र भिजवून, पिळून मैद्याच्या खळीत मळले की डोंगर उभे राहतात. हे मुलांनाच करू द्या. फाडताना, मळताना बोटांत ताकद येते, लिहिणाऱ्या हाताला तीच लागते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, म्हणून निळ्या लोकरीचा धागा तिथून चिकटवायचा आणि पूर्वेला निफाडकडे न्यायचा. काळ्या जमिनीला वाळवलेला चहाचा चोथा. लासलगावला कांद्याच्या साली, दुसरे काय! इगतपुरी, सुरगाण्याकडे पाऊस भरपूर, तिथे हिरव्या चिंध्या दाट. येवला, नांदगावकडे कमी, तिथे गोणपाटाचा तुकडा. पाऊस कुठे जास्त, हे मग पाठ करावे लागत नाही.

पण नदीकाठाला खरी माती हवी म्हणून मुले नाल्यावर जातात. तिथला चिखल आणू देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यात येतात आणि हातापायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. अशा चिखलात खेळलेल्या मुलाला पुढच्या महिनाभरात ताप आला, अंग दुखले, डोळे लाल झाले तर लगेच दवाखान्यात न्या आणि चिखलाचे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असतो, मुलांच्या खळीत तो नकोच. खळ लागेल तेवढीच शिजवा आणि चित्र उन्हात खडखडीत वाळवा. ओलसर राहिले तर बुरशी धरते, दमा असलेल्या मुलाला त्रास होतो. घरी पडलेला ऑइलपेंटचा जुना डबा उघडू नका, त्यात शिसे असू शकते. तापलेल्या सुरीने थर्माकोल कापला तर त्याचा धूर एका खोलीच्या घरात जाणार कुठे? प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापते, त्यात हात बुडवून ठेवला तर भाजतो.

झाडांसाठी मोहरी, वाटाणे चिकटवायचे असतील तर धाकटे भावंड झोपल्यावर. खाली सांडलेला वाटाणा नाकात जातो आणि तिथे फुगतो. चिमट्याने किंवा काडीने काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. सरळ दवाखाना गाठा.