खाटेपर्यंत पोचणारं मैदान

१५ जानेवारी १९२७. लंडनजवळच्या ट्विकनहॅमच्या मैदानावर इंग्लंड आणि वेल्स यांच्यात रग्बीचा सामना होता. चालू सामन्याचं धावतं वर्णन रेडिओवरून ऐकवायचं बीबीसीनं प्रथमच ठरवलं होतं आणि त्यासाठी टेडी वेकलम या माजी खेळाडूला मायक्रोफोनसमोर बसवलं होतं. असं वर्णन कसं करायचं, हे शिकवणारं तिथं कुणीच नव्हतं. तेव्हा निर्मात्यांनी एक विलक्षण युक्ती केली. वेकलम यांच्यासमोर त्यांनी एका अंध माणसाला बसवलं. लाखो श्रोत्यांची काळजी सोडा, फक्त याला सामना दाखवा, असा त्यामागचा हेतू.

या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. ज्याला मैदान दिसत नाही त्याच्यासमोर बसून क्रीडासमालोचन बोलायला शिकलं. पुढच्या शंभर वर्षांत उपग्रह आले, रंगीत पडदे आले, हातात मावणारे फोन आले. पण या कलेचं मर्म तिथेच राहिलं. आणि ते सगळ्यात जास्त कळतं ते रुग्णालयातल्या खाटेवर.

राजावाडी, कूपर, शताब्दी किंवा मुलुंडचं अग्रवाल, यांपैकी कुठल्याही रुग्णालयात रविवार काढलेल्या माणसाला तो दिवस किती लांबतो ते ठाऊक असतं. ओपीडी बंद असते. बऱ्याच तपासण्या सोमवारवर गेलेल्या असतात. डॉक्टरांचा राउंड होऊन गेला की दुपारी भेटीची वेळ होईपर्यंत वॉर्डात फक्त पंख्याचा आवाज आणि छत उरतं. बाहेर मात्र उपनगर सुट्टीच्या रंगात आलेलं असतं. मैदानांवर एकाच वेळी दहा-दहा सामने रंगलेले असतात, पार्ल्याच्या दीनानाथमध्ये, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात आणि मुलुंडच्या कालिदासमध्ये नाटकांचे प्रयोग लागलेले असतात. हाकेच्या अंतरावर हे सगळं चालू असताना खाटेवरच्या माणसापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही.

हे अंतर ओलांडण्याचा एक मार्ग जगाला रेडिओच्या बाल्यावस्थेतच सापडला होता. १९१९ मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्यानंतर, वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांच्या कानांना बिनतारी यंत्राचे हेडफोन लावले गेले. १९२५ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या रुग्णालयात तर २०० खाटांशेजारी हेडफोन बसवले आणि जोडीला ७० लाउडस्पीकर. रुग्णालयाचा स्वतःचा रेडिओ म्हणतात तो तिथून रुजला. १९५१ मध्ये पोर्ट्समथमध्ये स्वयंसेवकांनी फ्रॅटन पार्क या फुटबॉल मैदानावरून शहरातल्या रुग्णालयांत समालोचन पोचवायला सुरुवात केली. पुढच्या दोन-तीन दशकांत ब्रिटनभर अशी केंद्रं उभी राहिली. चालवणारे सगळे हौशी. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी-रविवारी रुग्णालयाच्या एखाद्या रिकाम्या खोलीत बसून खेळ, गाणी आणि गप्पांचा कार्यक्रम करायचा.

यात यंत्रसामग्री म्हणाल तर अगदी थोडी. दोन मायक्रोफोन, आवाज कमीजास्त करणारा मिक्सर, गाणी वाजवायला एक संगणक, आणि तिथून वॉर्डांपर्यंत गेलेली तार. हे कार्यक्रम आकाशात सोडलेच जात नाहीत, इमारतीच्या आत तारेतून फिरतात. खाटेशी हेडफोन असतो किंवा उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर. त्याला डोकं टेकलेल्या माणसाला आवाज स्वच्छ येतो आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडत नाही. ही काळजी घ्यावीच लागते. रात्रीच्या वेळी वॉर्डातला आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आसपास असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं आहे. ३० डेसिबल म्हणजे कुजबुज. मुंबईत तेवढी शांतता मिळणं अवघड, म्हणून वॉर्डाच्या भिंतीवर मोठा कर्णा लावण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या कानाशी आवाज नेणं हाच शहाणपणाचा मार्ग.

खरं नवल यंत्रापलीकडे आहे. कार्यक्रम सुरू होण्याआधी निवेदक किंवा त्याचा सहकारी हातात वही घेऊन वॉर्डात फिरतो आणि फर्माइशी गोळा करतो. रुग्णालयात खाटेजवळ येणारा प्रत्येक माणूस शरीराबद्दल विचारत असतो. दुखतंय का, ताप आहे का, लघवी झाली का, औषध घेतलं का. हे प्रश्न आवश्यकच आहेत. पण दिवसभर तेच ऐकणाऱ्या माणसाला कुणीतरी येऊन विचारतं, 'काका, तुम्हाला कुठलं गाणं आवडतं?' किंवा, 'आजी, तुमच्या तरुणपणी कबड्डीत कुठला संघ जोरात होता?' या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर नसतं. ते द्यायला माणसाला आपल्या आयुष्यात मागे जावं लागतं, आवडनिवड आठवावी लागते, एखाद्या संघाची बाजू घ्यावी लागते. तेवढ्या वेळापुरती तो पेशंट राहत नाही. गाणं वाजतं ते तासाभरानं, पण फर्माइशीचा गुण वही उघडली त्या क्षणीच येऊ लागलेला असतो.

मग निवेदकाची कसोटी सुरू होते. ऐकणारा माणूस कुठल्याही क्षणी झोपेल, कुठल्याही क्षणी जागा होईल. सलाईन बदलायला सिस्टर आल्या की पाच मिनिटं त्याचं लक्ष उडेल. म्हणून धावसंख्या पुन्हापुन्हा सांगावी लागते. अमेरिकेचे विख्यात बेसबॉल समालोचक रेड बार्बर यासाठी समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू खाली सरकली की गुण सांगायचे आणि घड्याळ उलटं करायचं. रुग्णालयात तर हा नियम दुप्पट लागू पडतो. कोण कुठल्या बाजूनं गोलंदाजी करतोय, ऊन आहे की ढग, मैदान ओलं आहे का, फलंदाज डावखुरा आहे का, हे सगळं शब्दांत यावं लागतं. टीव्हीचा समालोचक गप्प राहिला तरी चालतं. रेडिओचा समालोचक गप्प राहिला की मैदानच नाहीसं होतं.

शब्द निवडण्याचीही शिस्त असते. नाव घ्यायचं तर पहिलं नाव आणि वॉर्ड, बस. आजाराचा उल्लेखही नाही. 'लवकर बरे व्हा' हे सरसकट सगळ्यांना म्हणायचं नाही, कारण ऐकणाऱ्यांत असेही असतात ज्यांना आपण बरे होणार नाही हे ठाऊक असतं. गाण्याची फर्माईश वाजवण्याआधी त्याचे शब्द मनात म्हणून पाहायचे. हे ज्याला जमलं त्याला पुढे कुठलाही मायक्रोफोन अवघड जात नाही. जॅकी ओटली ही इंग्लंडमधली तरुणी गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्वतःचं फुटबॉल गमावून बसली. तिनं रुग्णालयाच्या रेडिओवर बोलायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये बीबीसीच्या 'मॅच ऑफ द डे' या प्रतिष्ठित कार्यक्रमाची पहिली महिला समालोचक झाली.

या सगळ्यानं आजार बरा होतो का? नाही. पण वेदनेबद्दल वैद्यकाला जे कळलं आहे ते थक्क करणारं आहे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शस्त्रक्रियेच्या वेळी ऐकवलेल्या संगीताबद्दलच्या ७० हून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. संगीत ऐकलेल्या रुग्णांना वेदना कमी जाणवल्या, त्यांची चिंता घटली आणि वेदनाशामक औषधंही कमी लागली. पूर्ण भूल दिलेली असताना ऐकवलेल्या संगीताचाही काही परिणाम दिसला. त्याच्या दीडशे वर्षं आधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात दोन गोष्टी बजावल्या होत्या. नको असलेला आवाज रुग्णाला छळतो, आणि रोज त्याच भिंती बघत पडून राहणं हाही एक छळच. माणसाचा गाता आवाज आणि अखंड वाहणारे सूर रुग्णाला मानवतात, असंही त्यांनी नोंदवलं होतं.

आता आपल्याकडे वळू. खास रुग्णालयांसाठीच्या रेडिओची परंपरा आपल्याकडे रुजली नाही. पण ती ज्या ज्या गोष्टींवर उभी राहते त्या सगळ्या मुंबईत, त्यातही उपनगरात, केव्हापासून नांदत आहेत. ट्विकनहॅमच्या त्या सामन्यानंतर सहाच महिन्यांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. १९३४ मध्ये इथल्याच एस्प्लनेड मैदानावरून ए. एफ. एस. तल्यारखान यांनी पारशी विरुद्ध मुस्लिम या सामन्याचं समालोचन केलं. ते दिवसभर एकटेच बोलत. माइक दुसऱ्यासोबत वाटून घ्यायला त्यांची तयारी नसे. पुढे बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत आणलं आणि ज्या घरांत इंग्रजी कळत नव्हतं तिथल्या आजीबाईही चौकार कुठून गेला ते सांगू लागल्या. मालाडच्या मालवणीतल्या उंच मनोऱ्यांवरून आकाशवाणीच्या मध्यम लहरी अनेक दशकं घराघरांत गेल्या. ५५८ किलोहर्ट्झवरच्या अस्मिता वाहिनीची एक लहर सुमारे ५३७ मीटर लांबीची! अर्ध्या किलोमीटरहून लांब अशी ती अदृश्य लहर मालवणीतून निघून घाटकोपरला पोचायला सेकंदाचा दहा हजारावा भागही घेत नाही. आवाज मात्र हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे बॅटजवळच मायक्रोफोन असेल, तर मैदानात शंभर मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाआधी घाटकोपरचा श्रोता बॅटचा टणत्कार ऐकेल.

बोरिवलीत गोराई रस्त्यावर विविध भारतीचं घर आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेल्या या सेवेनं घरापासून दूर असलेल्या माणसांसाठी रेडिओ कसा करायचा याचा धडाच घालून दिला. सैनिकांच्या फर्माइशींचा 'जयमाला' हा कार्यक्रम आणि शनिवारी येणारी 'विशेष जयमाला', जिच्यात चित्रपटसृष्टीतले कलावंत थेट जवानांशी बोलत. 'सेहतनामा'मध्ये डॉक्टर श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत. आणि रविवारी दुपारी 'क्रिकेट विथ विजय मर्चंट'. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ७१.६४ ची सरासरी असलेला हा फलंदाज, ज्याच्या निर्णायक मतानं १९७१ मध्ये अजित वाडेकर कर्णधार झाले, तोच दर आठवड्याला निवांतपणे खेळ समजावून सांगत असे. मर्चंट यांनी आयुष्याचा मोठा काळ अंध आणि अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनाला दिला होता, हेही इथं आठवायला हवं.

बंदिस्त जागेतल्या रेडिओचा अनुभवही महाराष्ट्राला आहे. पुण्याच्या येरवडा कारागृहात कैद्यांसाठी कैद्यांनीच चालवलेला अंतर्गत रेडिओ होता. शिक्षा भोगत असताना अभिनेता संजय दत्तनंही तिथं निवेदन केलं.

आणि कायद्याची वाटही, आश्चर्य म्हणजे, क्रिकेटनंच मोकळी केली. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यातूनच पुढे सामुदायिक रेडिओचा मार्ग तयार झाला. शैक्षणिक संस्थांपुरती असलेली ही मुभा २००६ मध्ये ना-नफा संस्थांनाही मिळाली. कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात १०७.८ वर 'रेडिओ मस्ट' सुरू झालं ते याच वाटेनं. रुग्णालयाच्या आत तारेतून फिरणाऱ्या कार्यक्रमासाठी तर आकाशातली जागा मागावीच लागत नाही. व्यवस्थापनाची संमती आणि गाण्यांच्या हक्कांची परवानगी घेतली, की उरतो तो माणसांचा प्रश्न.

ती माणसं आपल्याकडे आहेत. पावसाळ्यात कांगा लीगचे सामने चिखलात उभं राहून पाहणारे निवृत्त क्लार्क आहेत, ज्यांना १९४८ पासूनचा त्या स्पर्धेचा इतिहास तोंडपाठ आहे. रोहित शर्मा बोरिवलीत कुठल्या शाळेतून खेळायचा हे सांगणारी पोरं आहेत. 'आपली आवड' ऐकत वाढलेल्या, कुठलं गाणं कुणाचं हे पहिल्या दोन सुरांत ओळखणाऱ्या बायका आहेत. पत्रकारितेचे विद्यार्थी आहेत, ज्यांना बोलायला एक खरा श्रोता हवा आहे. आणि वॉर्डात श्रोते आहेत. दहीहंडीच्या रात्री थर कोसळून पाय मोडलेला गोविंदा आहे, ज्याला दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी जाणून घ्यायचं असतं की आपल्या पथकानं शेवटी किती थर लावले.

हातात फोन असताना रेडिओ कशाला, असं कुणी विचारील. फोन हातात धरावा लागतो, मान वर करावी लागते, डोळे उघडे ठेवावे लागतात. ज्याच्या हातात सलाईनची सुई आहे, मान पट्ट्यात अडकली आहे किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्याजवळ कानच उरलेले असतात. फोनमधलं जग त्याला ओळखत नाही. त्याच्याच इमारतीतून बोलणारा निवेदक त्याचं नाव घेतो. उपनगरातल्या एखाद्या रुग्णालयानं एक रिकामी खोली द्यावी, दोन हौशी माणसांनी शनिवार-रविवारचे चार तास द्यावेत. पहिल्या कार्यक्रमाला वॉर्डातून एकच फर्माईश आली तरी पुरे आहे. टेडी वेकलम यांच्या समोरही एकच जण बसला होता, आणि त्याच्यासाठी बोललेलं सगळ्या देशानं ऐकलं.