दुसऱ्या खोलीतून मीटर वाचताना

खोली तापत-निवत जाते तसं एखाद्या सर्किटचं व्होल्टेज किती सरकतं, हे पाहायला रात्रभर मीटरसमोर कोण बसणार? चांगल्या बेंच मल्टिमीटरला मागे लॅनचं सॉकेट असतं. हे काम संगणकावर सोपवावं.

पूर्वी यासाठी जीपीआयबीची जाडजूड केबल लागे. मुळात ह्युलेट-पॅकार्डची ही पद्धत १९७५ मध्ये आयईईई ४८८ या नावाने प्रमाण ठरली. एका बसवर जास्तीत जास्त १५ उपकरणं आणि सगळी मिळून २० मीटर केबल, एवढाच तिचा पल्ला. लॅनवर ती अडचण नाही.

मीटरच्या मेनूत आयपी पत्ता दिसतो. तो राउटरमध्ये राखून ठेवावा, नाहीतर कधीतरी बदलतो आणि प्रोग्रॅम भलत्याच दारावर टकटक करत बसतो. मग त्या पत्त्यावरच्या पोर्टला जोडून घ्यायचं. कीसाइटच्या उपकरणांत तो बहुधा ५०२५ असतो, रिगोलच्या अनेक उपकरणांत ५५५५. पहिला प्रश्न ठरलेला: '*आयडीएन?' उत्तरात कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर स्वल्पविरामांनी वेगळे होऊन येतात. काहीच आलं नाही, तर ओळीअखेरचं न्यूलाइन पाठवलंय का ते आधी पाहा. ते नसेल तर मीटर ओळ संपण्याची वाट बघतो आणि संगणक उत्तराची.

या आज्ञांच्या भाषेला 'स्किपी' म्हणतात. ती १९९० ची. 'मेझर:व्होल्टेज:डीसी?' म्हटलं की आकडा येतो. प्रश्नचिन्ह असेल तरच उत्तर, आणि ते वाचून घ्यायलाच हवं. न वाचता पुढचा प्रश्न टाकला, तर मागचं उत्तर जातं आणि चूक रांगेत नोंदली जाते. 'सिस्टिम:एरर?' त्या रांगेतली एकेक चूक सांगतो. माझ्या मते प्रत्येक मांडणीनंतर तो विचारावाच, कारण मीटर आपणहून तक्रार करत नाही. रेंजबाहेरचं मापही तो निमूटपणे ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात असं कळवतो. आलेखात घेण्याआधी ते गाळा, नाहीतर बाकीची रात्र एका सपाट रेषेत दिसेल.

या साध्या पोर्टला सहसा पासवर्ड नसतो. उपकरणांचं जाळं ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळं ठेवा, इंटरनेटवर तर उघडूच नका. आणि जोडीला पॉवर सप्लाय असेल, तर करंटची मर्यादा आणि ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण आउटपुट चालू करण्याआधीच त्या सप्लायमध्ये बसवा. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी सप्लाय साधारणतः आउटपुट चालूच ठेवतो.