न वापरताच बॅटरी उतरते?

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आईशी बोलायचं, हा माझा रोजचा नेम. ती सोलापूरला, मी नाशिकला. कानात बिनवायरचे इअरबड्स घातले की हात मोकळे राहतात अन् गप्पाही होतात. पण मध्यंतरी एक नवलच सुरू झालं. रात्री पूर्ण चार्ज करून डबीत ठेवलेला उजवा इअरबड सकाळी पाहावा तर मेलेला! डावा मात्र ठणठणीत.

झालं, मनात पाल चुकचुकली. कॉलेजसाठी आमच्याकडे राहिलेला पुतण्या रात्री गाणी ऐकत असणार! जेवताना मी बोलूनही गेले, "माझे इअरबड्स घेतोस का रे?" "नाही काकू," एवढंच म्हणून पोर अर्ध्या ताटावरून उठलं.

दोन दिवसांनी डबी उजेडात धरली, तर उजव्या खाचेतल्या धातूच्या बारीक टोकांवर कणीक नि कानातला मळ यांचा थर! खरा चोर हा होता.

मैत्रिणींनो, ही डबी म्हणजे नुसता डबा नव्हे. तिच्यात स्वतःची बॅटरी असते. इअरबडची टोकं डबीतल्या टोकांना टेकली की तो झोपी जातो आणि चार्ज होऊ लागतो. मध्ये मळ आला तर त्याला आपण डबीत आहोत हेच कळत नाही. तो जागा राहतो, फोनशी जोडलेला राहतो आणि रात्रभरात रिकामा होतो. त्याची बॅटरी असते तरी केवढीशी? बहुतेकांत ३० ते ६० मिलिअँपिअर-तास. फोनची ४,००० ते ५,०००!

ओळखायचं कसं? दोन्ही इअरबड्स डबीत ठेवून झाकण लावा. मिनिटभराने फोनच्या ब्लूटूथच्या यादीत ते अजून 'कनेक्टेड' दिसले, तर टोकं नीट टेकत नाहीत असं समजा.

मग कापसाच्या कोरड्या काडीने टोकं हलकेच पुसा. मळ चिकट असेल तर काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादाच थेंब लावा. पाणी नको, टाचणी तर नकोच. पूर्ण वाळल्यावरच आत ठेवा. रबरी टोप्या बदलल्या असतील तर त्या मोठ्या होऊन इअरबड वर उचलला जात नाही ना, हेही पाहा.

आणखी काही सवयी लावून घ्या. इअरबड्स ओट्यावर किंवा उशीखाली तसेच टाकू नका. फोन जवळ असला की ते जागेच राहतात. डबी शेगडीजवळ, उन्हात ठेवू नका. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. महिनोन् महिने वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा.

एवढं करूनही उतरत असेल, तर आधी वॉरंटीचा कागद शोधा. दोन-तीन वर्षं रोज वापरलेली बॅटरी मात्र थकलेलीच असते. तिला सफाईचा उपाय नाही. असे इअरबड्स ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

माझे इअरबड्स आता नीट चालतात. पुतण्याला मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं, "चुकलं रे माझं." वर साजूक तुपातला शिरा केला. त्याने दोनदा मागून घेतला, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.